थोरल्या जाऊबाईंचे ठोसे

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी किकबॉक्सिंग सुरू केलं. घरात ते सगळ्यांत आधी मला कळलं, कारण त्यांच्या खोलीच्या बरोबर खाली माझं स्वयंपाकघर आहे. सकाळचे सव्वासहा झाले होते. मी चहाचं आधण ठेवत होते. वरून धप्प झालं. मग धप्प, धप्प. मला वाटलं कपाट सरकवतायत. या बाई कपाट सरकवायला कोणाला हाक मारणार नाहीत हे एकोणतीस वर्षांत मला पक्कं कळलेलं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. इतक्यात वरून खणखणीत आवाज आला, "मागे!"

आणि मी खालून, हातात चहाचं भांडं धरून, तितक्याच मोठ्यानं ओरडले, "मोकळं!"

वर लगेच पुन्हा धप्प, धप्प सुरू झालं.

हे काय ते सांगायला हवं, नाहीतर आमचं घर वेड्यांचं आहे असं वाटेल. आमचं काचेचं दुकान आहे. पुढे काउंटर, मध्ये काच कापायचं मोठं टेबल, मागच्या कोपऱ्यात माझं फ्रेमचं काम. टेबल जाऊबाईंचं. हिरकणीच्या कटरनं काचेवर रेघ मारायची आणि टिचकी देऊन काच त्याच रेघेवर सोडवायची, हे काम त्या मोठे दीर होते तेव्हाही करायच्या आणि ते गेल्यावरची ही नऊ वर्षंही करतायत. त्यांच्यासारखी सरळ रेघ या भागात कोणाची नाही. हे मी म्हणते आहे, आणि मी कोणाचं उगाच कौतुक करणाऱ्यातली नाही.

तर आमच्या दुकानात सासऱ्यांच्या वेळेपासून एक नियम आहे. हातात काच धरलेल्या माणसाला पाठीमागचं दिसत नाही. मान वळवून बघावं तर हातातली काचही वळते आणि कुठेतरी आपटते. म्हणून मागे पाऊल टाकण्याआधी त्यानं "मागे" म्हणायचं, आणि समोरच्या माणसानं त्याच्या पाठीमागे नीट बघून "मोकळं" म्हणायचं. उत्तर येईपर्यंत पाऊल उचलायचं नाही. उत्तर आलं की मान न वळवता टाकायचं. गिऱ्हाइकं हसतात. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही, आणि एकदा बँकेच्या रांगेत मी "मागे" म्हणाले होते, ती गोष्ट माझा नवरा अजून दर पाहुण्याला सांगतो.

गॅस बंद करून मी वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत जाऊबाई उभ्या. पायात दुकानातले जाड बूट, मनगटांवर काच उचलताना बांधायचे चामड्याचे पट्टे. सतरंजी गुंडाळून भिंतीला लावलेली. भांड्यांच्या कपाटाच्या काचेला, खिडकीला आणि भिंतीवरच्या घड्याळालासुद्धा, फुटलीच तर काच उडू नये म्हणून, टेपची भलीमोठी फुली मारलेली. टीव्हीवर पिवळा बनियन घातलेली एक बाई नाचल्यासारखी उड्या मारत ठोसे हाणत होती.

"ताई, हे काय चाललंय?"

"दिसत नाही का? किकबॉक्सिंग." जाऊबाई धापा टाकत होत्या, पण तोरा कमी नव्हता. "अर्ध्या तासाचं आहे. आठवड्यातून सहा दिवस. तू उत्तर दिलंस म्हणून वाचले, नाहीतर मी तशीच थांबले असते."

"टीव्हीसमोर?"

"मग? मागे पलंग आहे."

पलंग चांगला सहा फुटांवर होता. पण हा सगळा खटाटोप कशासाठी चाललाय ते माझ्या लक्षात आलं होतं.

चार महिन्यांपूर्वी जाऊबाई दुकानात पडल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, आणि त्या असे दोघंच तेव्हा तिथं होते. मी एका घरी खिडक्यांची मापं घ्यायला गेले होते. टेबलावरची काच उचलून दोघं रॅककडे नेत होते. जाऊबाई पाठमोऱ्या चालत होत्या. मागे एक लाकडी पेटी होती. तिला अडखळून त्या पडल्या, काच फुटली, आणि उजव्या हाताला कोपराखाली सात टाके पडले. मी दवाखान्यात पोचले तेव्हा त्या डॉक्टरांना अगदी शांतपणे सांगत होत्या, "माझीच चूक. 'मागे' म्हणायला विसरले." पुतण्या शेजारी खाली मान घालून उभा होता.

पोरगं गुणी आहे. एकतीस वर्षांचा आहे, दुकानावर जीव आहे, कोणाला उलटून बोलत नाही. पण जखम भरून त्या पुन्हा टेबलावर उभ्या राहायला निघाल्या, तशी त्यानं काउंटरमागे एक गोल फिरणारी, पाठीला गादी असलेली खुर्ची आणून ठेवली. म्हणाला, "आई, आता टेबलावर आपण एखादा माणूस ठेवू. तू इथं बस. फोन घे, ऑर्डरी लिही. आता वय झालं, लक्षात राहत नाही माणसाच्या."

जाऊबाईंचा चेहरा मी बघितला. मला त्या खुर्चीचा इतका राग आला की मी दिवसभर तिच्यावर माझ्या फ्रेमच्या पट्ट्या टाकून ठेवल्या. त्यांच्याकडून टेबल काढून घ्यायचं म्हणजे त्यांना घरीच बसवायचं, फक्त खुर्ची दुकानातली. हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

त्या भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "नाचाच्या क्लासचं काम होऊ दे." त्या क्लासनं आमच्याकडून बारा आरसे घेतले होते, एक अख्खी भिंत भरून. सहा बाय चारचा एकेक आरसा, वजन अठ्ठावीस किलो. क्लास तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. "त्यातले सहा मी तुझ्याबरोबर वर नेते. एका जरी आरशाला मी माघार घेतली, तर दुसऱ्या दिवसापासून तुझ्या खुर्चीत बसेन. सहाही नेले, तर टेबलाचं नाव काढायचं नाही." कामाला सात आठवडे होते.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. जाऊबाईंचं म्हणणं, चालून पाय सुधारतील, आरसा कोण उचलणार? मग त्यांनी टीव्हीवर शोधून शोधून ही पिवळी काढली. बाईचं नाव आम्ही कधी बघितलं नाही. आमच्या घरात ती शेवटपर्यंत पिवळीच राहिली.

खरं सांगायचं तर ठोशांत त्यांना काहीच शिकायचं नव्हतं. पिवळी पहिल्या दिवसापासून बजावत होती, कोपर बरगड्यांना चिकटवा, हात बाहेर फाकवू नका. काच वाहणाऱ्या माणसाचं कोपर मुळी बाहेर जातच नाही. पिवळीच्या मागे दोन तरण्याताठ्या मुली होत्या, त्यांच्यापेक्षा आमच्या जाऊबाईंचे हात जागेवर होते. अडचण आली ती वेगळीच. पिवळी म्हणाली, समोर कोणीतरी उभं आहे असं समजा आणि मारा.

"कोण उभं आहे?" जाऊबाईंनी मला विचारलं.

"कोणीही समजा. ज्याचा राग येतो तो."

"मला नाही बाई कोणाचा राग येत."

"मग ती खुर्ची समजा."

त्यानंतर त्यांनी जो उजव्या हाताचा ठोसा हाणला, त्यानं माझ्या केसांना वारा लागला.

पण प्रत्येक दोन ठोसे आणि एका लाथेनंतर पिवळी दोन पावलं मागे जायची. तिथं गाडी अडायची. जाऊबाई "मागे!" म्हणायच्या आणि थांबायच्या. पिवळी थोडीच कोणासाठी थांबते? ती पुढच्या ठोशावर पोचलेली असायची आणि आमच्या बाई पुतळा होऊन उत्तराची वाट बघत. मी समजावून पाहिलं. "अहो, ही तुमची खोली आहे. मागे कोण येणार आहे?"

"कोण येणार ते आधी कळत असतं, तर सासऱ्यांनी नियम कशाला केला असता?"

दुसऱ्या दिवसापासून मी माझा चहाचा कप घेऊन टीव्हीशेजारी स्टुलावर बसायला लागले. त्या "मागे" म्हणायच्या, मी घोट गिळून "मोकळं" म्हणायची. अर्ध्या तासात पन्नास वेळा तरी. माझा नवरा खालून ओरडायचा, "काच किती वाजता पोचते वर?"

आठवडाभर जवळून बघितल्यावर मात्र माझं हसू मावळलं. मी "मोकळं" म्हटल्यावरही त्या पाऊल टाकत नव्हत्या. आधी चवडा मागे न्यायच्या, त्यानं जमीन चाचपायच्या, मग हळूच टाच टेकवायच्या. दहातल्या आठ वेळा मान वळायची. एकोणतीस वर्षांत मी या बाईंना मान वळवताना बघितलं नव्हतं. त्यांचा दम चांगला होता, हात चांगले होते, गुडघेही कुरकुरत का होईना साथ देत होते. नेमकं काय हरवलं होतं ते मला तेव्हा कळलं.

"भीती वाटते का ताई?"

"वाटते," त्या म्हणाल्या. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नाही. "तू बघूनच सांगतेस हे डोक्याला कळतं. पायाला कळत नाही. म्हणून तर रोज करते आहे."

मग आम्ही पिवळीला बाजूला ठेवून रोज दहा मिनिटं फक्त तेवढंच करायला लागलो. त्या डोळे पुढे ठेवून उभ्या राहायच्या. "मागे." "मोकळं." एक अख्खं पाऊल. पुन्हा. भिंत आली की मी "थांबा" म्हणायची. एकदा मी मुद्दाम स्टूल मध्ये ठेवलं आणि उत्तरच दिलं नाही. त्या पाऊण मिनिट एका जागी उभ्या होत्या, शेवटी म्हणाल्या, "अगं, झोपलीस का?" त्या दिवशी आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो.

तिसऱ्या आठवड्यात, नेहमीसारखं पन्नासाव्यांदा "मोकळं" म्हणताना, माझ्या मनात एक गोष्ट आली आणि कप माझ्या हातातच राहिला. ही बाई स्वतःच्या खोलीत, रिकाम्या जमिनीवर, टीव्हीतल्या बाईसमोर एकदाही "मागे" म्हणायला विसरत नाही. लाथ चुकते, डावा-उजवा चुकतो, हे चुकत नाही. मग हातात खरी काच असताना ती विसरेल?

"ताई, त्या दिवशी दुकानात तुम्ही 'मागे' म्हणाला होतात ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "पिवळी पुढे गेली. उत्तर दे."

"आणि त्यानं 'मोकळं' म्हटलं होतं."

"धाकटे," त्या थांबून म्हणाल्या, "मध्ये पडायचं नाही. माझी शपथ वगैरे घालत नाही, नुसतं सांगते आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे त्यानं न बघता उत्तर दिलं, आई पडली, आईनं दोष स्वतःवर घेतला, आणि हा शहाणा मूग गिळून बसला. वर खुर्ची! मध्ये पडायचं नाही हे मी पाळलं, पण माझं तोंड म्हणजे काही दुकानाचं शटर नाही. दोनच दिवसांनी पुतण्यानं मला विचारलं, "काकू, सकाळी वर काय आदळआपट चालते?" मी फ्रेमला खिळा ठोकत होते. म्हटलं, "तुझी आई व्यायाम करते. मला रोज पन्नास वेळा 'मागे' म्हणते. एकदाही विसरत नाही." तो तिथंच उभा राहिला. मापाची टेप बाहेर ओढायची, परत आत सोडायची, असं त्यानं चार-पाच वेळा केलं आणि पुढे काउंटरकडे निघून गेला.

पुढचे चार आठवडे जाऊबाईंनी पिवळीला जेरीस आणलं. आता त्या तिच्याबरोबर संपवायच्या, कधी कधी तिच्या आधी. लाथ कमरेपर्यंत जायला लागली. एकदा ती कपाटाच्या काचेवर बसली, तेव्हा टेपच्या फुलीनं आमची लाज राखली. शेवटच्या आठवड्यात मी मोजून बघितलं, एकदाही मान वळली नव्हती. मी मनातल्या मनात पुतण्याची कीव केली.

आरशांचा दिवस उजाडला. चौघं वाहणारे: एका जोडीत माझा नवरा आणि एक मजूर, दुसऱ्या जोडीत मायलेक. जिन्यात आरसा उभा धरून न्यायचा असतो. वरचा माणूस पाठमोरा चढतो, खालचा तोंड वर करून, आणि जास्त भार खालच्यावर येतो. मी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जुन्या गाद्या टाकून उभी होते, कोणाला आरसा टेकवायचा झाला तर.

पहिला आरसा आला. जाऊबाई पाठमोऱ्या. "मागे!" खालून पुतण्याचा आवाज, "मोकळं." त्यांनी अख्खं पाऊल टाकलं, मान सरळ ठेवून, आणि माझ्या अंगावरून पुढे जाताना मला म्हणाल्या, "गादी जरा भिंतीला घे." दुसरा असाच गेला. तिसरा, चौथा. माझा नवरा तिसऱ्यालाच पायरीवर बसला आणि मजुराला आपल्या कंबरेचा इतिहास सांगायला लागला. पाचवा गेला. जाऊबाईंची पाठ घामानं भिजली होती, चेहरा लालभडक, पण श्वास एका लयीत. मी पैज जिंकल्यासारखी उभी होते.

सहावा आरसा वळणापर्यंत आला तेव्हा पुतण्या म्हणाला, "आई, टेकव." दोघांनी तो गादीवर टेकवला. "झालं आता. हा मी आणि काका नेतो. टेबल तुझं. मी हरलो."

"सहा ठरलेत," जाऊबाई म्हणाल्या. "बाजू बदल. आता तू पाठमोरा हो. खालून मी धरते."

"खाली वजन जास्त येतं."

"माहीत आहे मला."

तो वर गेला. दोघांनी आरसा उचलला. "मागे," तो म्हणाला.

जाऊबाईंनी त्याच्या पाठीमागच्या पायऱ्या एक एक करून बघितल्या. मला दिसत होतं त्यांचं बघणं. "मोकळं."

त्याचं पाऊल उठलं नाही. "मागे," तो परत म्हणाला.

"मोकळं आहे."

त्यानं चवडा मागे नेला आणि पायरी चाचपली. मग मान वळवली, आणि आरसा असा लचकला की मी दोन्ही हात पुढे करून धावले. "ठेव, आई, ठेव," तो म्हणाला. आरसा परत गादीवर आला. तो पायरीवर बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून बोलायला लागला. "त्या दिवशी तू म्हणाली होतीस. मी 'मोकळं' म्हटलं. दाराशी गिऱ्हाईक आलं होतं, मी तिकडे बघत होतो. पेटीसुद्धा मीच ठेवली होती तिथं."

"माहीत आहे," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचे दोन्ही हात आरशावर होते.

"मग बोलली का नाहीस? इतके महिने?"

"बोलले असते तर दुकानात प्रत्येकानं तुझं 'मोकळं' ऐकून मान वळवून बघितलं असतं. काकूनं, काकानं, उद्या येणाऱ्या नव्या माणसानं. तुझ्या शब्दावर कोणी पाऊल टाकलं नसतं. मग दुकान कसं चालवणार होतास?" त्यांनी आरशाची कड गादीवर नीट बसवली. "टाक्यांचं मला काही वाटलं नाही. चूक कोणाकडूनही होते. पण तू तीच चूक माझ्या वयावर घातलीस आणि मला खुर्ची आणून दिलीस. त्याचं वाईट वाटलं. फार वाईट वाटलं."

पुतण्या रडला. एकतीस वर्षांचा बाप्या, परक्याच्या जिन्यात, हुंदके देऊन. "मला भीती वाटायची आई. परत माझ्याच हातून तू पडशील याची. तू टेबलाजवळ नसतीस तर मला 'मोकळं' म्हणावं लागलं नसतं."

"मलाही भीती वाटत होती. मी सात आठवडे सकाळी उठून ठोसे मारले. तू काय केलंस?"

जाऊबाईंनी पदरानं चेहरा पुसला, मनगटांचे पट्टे आवळले आणि आरशाखाली हात घातले. "ऊठ. कड धरून उचल. आणि माझ्याकडे बघ, पायरीकडे नको. पायरी मी बघते आहे."

तो उठला. नाक पुसून त्यानं आरसा धरला, आईकडे बघितलं आणि विचारलं. जाऊबाईंनी पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून बघितल्या, घाई न करता, आणि मग उत्तर दिलं. या वेळी त्यानं अख्खं पाऊल टाकलं.